पाडव्याला मित्रमंडळी जेवायला: जैन, चौविहार, व्हीगन आणि आपण. मेन्यू सुचवा!

तोंडलीभात:
मंडळी, यंदा दिवाळीत आम्ही बडोद्यातच आहोत, म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी दोघांच्या ऑफिसातली मित्रमंडळी जेवायला बोलावलीत. आम्ही धरून चौदा डोकी. इथे आपला पाडवा आणि गुजराती नववर्ष, म्हणजे बेस्तुवरस, एकाच दिवशी, त्यामुळे सगळे सणाच्या मूडमध्ये येणार.

माणसं अशी: दोन जैन जोडपी, त्यातलं एक चौविहार पाळणारं, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न-पाणी काही नाही. एक स्वामिनारायणी कुटुंब, कांदा-लसूण बंद. एक बंगाली मित्र, त्याला मासे मिळणार नाहीत हे आधीच सांगून टाकलंय. एक मुलगी व्हीगन, दूध-दही-तूपही बंद. उरलेले आपल्यासारखे, ताटात पडेल ते खाणारे.

मला आपलं मराठी जेवण घालायचंय. पावभाजी, पनीर, छोले नकोत, ते सगळेजण एरवी हॉटेलात खातातच. कांदा-लसूण वगळणं सोपं आहे, पण बटाटा आणि आलंही नाही म्हटल्यावर डोकं चालेना. ओटा एक, बर्नर चार. कामाच्या बाई गावाला गेल्यात, त्या लाभपाचमेनंतरच (कार्तिक शुद्ध पंचमी) उगवतील.

मुख्य प्रश्न: जैन पदार्थ वेगळे करावेत, की सगळाच स्वयंपाक जैन करावा?

मांडवीकर:
सगळाच जैन करा. वेगळं ठेवलं तरी वाढून घेताना कोणीतरी बटाट्याच्या भाजीतला डाव उचलून आमटीत घालतोच. मग ती आमटी त्या चौघांच्या दृष्टीने गेली, आणि ते बिचारे भिडेखातर बोलतही नाहीत. नुसता भात आणि पापड खाऊन 'फार छान झालं होतं' म्हणत घरी जातात.

भुकेला_भीम:
चौघांसाठी दहा जणांनी कांदा सोडायचा? ही कुठली लोकशाही?

तोंडलीभात:
@भीम, मतदानाला तुम्हाला बोलावलेलं नाही. जेवायलाही नाही. :)

भुकेला_भीम:
म्हणूनच एवढ्या निष्पक्षपणे बोलतोय.

कढीपत्ता:
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही हाच घोळ दरवर्षी.

माहेर_पालडी:
ताई, मी माहेरची जैन, सासर इथल्या दांडिया बाजारातलं मराठी. दोन्हीकडचं खाऊन वाढलेली आहे (वजनानेही), तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे दोन्ही जोडप्यांना फोन करून विचारा. 'जैन' म्हटलं की सगळ्यांचे नियम सारखे नसतात. माझा भाऊ बाहेर गेला की बटाटा खातो आणि आई पर्युषणानंतरही हिरवी पालेभाजी घेत नाही. दोघं एकाच घरातले.

दुसरं, बेस्तुवरस येतं चातुर्मासात. तो कार्तिकी पौर्णिमेला संपतो. चातुर्मास पाळणारे पालेभाज्या खात नाहीत, म्हणजे मेथी, पालक, अळू गेलं. इथवर सगळ्यांच्या लक्षात असतं. पण कोथिंबीरही पालाच! आपला हात सवयीने शेवटी कोथिंबीर भुरभुरतो आणि अख्खं पातेलं बाद होतं. ओलं खोबरं घाला.

तिसरं, आणि यात मराठी घरं हमखास अडकतात: द्विदल. कच्चं दही किंवा ताक आणि डाळ-कडधान्य एकत्र चालत नाही. म्हणजे दहीवडा नाही. काटेकोर पाळणारे तर डाळीच्या घासाबरोबर दह्याची कोशिंबीरही घेत नाहीत. श्रीखंड-पुरी आणि वरण-भात एका ताटात वाढलंत तर त्यांना दोन्हीतलं एक सोडावं लागेल. दही तापवून घेतलं की चालतं. आमच्याकडे कढी करताना ताक आधी चांगलं गरम करतात आणि मगच बेसन लावतात. नुसतं ताक तापवलं की फुटतं, म्हणून त्यात चमचाभर तांदळाची पिठी कालवून मंद आचेवर सारखं ढवळायचं. तांदळाला द्विदलाचा नियम नाही. सुरळीच्या वडीलाही हीच युक्ती. दाण्याचं कूट मात्र दह्यात चालतं, ज्यातून तेल निघतं ते द्विदलात धरत नाहीत.

चौथं, मोड आलेली कडधान्यं बरेच जण खात नाहीत. मटकीची उसळ, डाळिंब्या विसरा.

आणि जमिनीखालचं सगळं बंद असलं तरी हळद आणि सुंठ चालते, कारण वाळवलेली असते. आल्याच्या जागी सुंठ घाला, कोणाला कळणारही नाही.

भुकेला_भीम:
वाचता वाचता मला भूक लागली आणि खायचं काय हे कळेना.

चष्मेवाला:
@भीम, तुमच्यासाठी तांदळाची पिठी. द्विदलात येत नाही.

इंदूरी_जिरावन:
आमच्याकडे हिवाळ्यात पाहुणे आले की गराडू! तळायचे, वरून जिरावन मसाला आणि लिंबू. इंदूरच्या सराफ्यात रात्री रांग लागते. सोपं, झटपट, शाकाहारी.

माहेर_पालडी:
दादा, गराडू कंद आहे.

इंदूरी_जिरावन:
बरं. मग भुट्ट्याचा कीस? मका तर जमिनीच्या वर येतो ना? दुधात शिजवायचा, मोहरी-हिंगाची फोडणी, वर खोबरं. आमच्या मराठी घरांतही होतो.

माहेर_पालडी:
हा चालेल! फक्त आलं आणि कोथिंबीर नको. व्हीगन मुलीला दुधामुळे चालणार नाही ते वेगळं.

सुरसागर_काठ:
मेन्यू ठरेलच, पण कोणी दिवसाचा विचार केलाय का? बेस्तुवरसला गुजराती माणूस पहाटे उठतो. दारात मुलं 'सबरस' म्हणत मीठ विकायला येतात, मग देवळात अन्नकूट, मग दिवसभर घरोघरी 'साल मुबारक'. प्रत्येक घरी मठिया, चोराफळी, घूघरा आणि वर सरबत. 'थोडुंक तो लो' म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नाही. संध्याकाळी तुमच्याकडे येईपर्यंत त्या माणसाच्या पोटात आठ घरांचा फराळ असतो. त्याला पुन्हा तळलेलं आणि गोड वाढलंत तर तो हात जोडेल.

माझं मत: तळण कमी, गोड एकच, आणि काहीतरी गरम, आंबट, पातळ. फराळाने तोंड कोरडं पडलेलं असतं, त्याला वाटीभर आमटी जे करेल ते दुसरं काही करणार नाही.

बाजाराचंही बघा. पाडव्याला निम्मं गाव बंद असतं आणि काही दुकानं थेट लाभपाचमेला उघडतात. भाजी दिवाळीच्या आदल्या दिवशी खंडेराव मार्केटमधून आणून ठेवा. कच्ची केळी, दुधी, लाल भोपळा, तोंडली टिकतात, पण भोपळा चिरलेला घेऊ नका, अख्खा घ्या. आणि कॅलेंडरात बघा, कधीकधी दिवाळी आणि बेस्तुवरसमध्ये एक भाकड दिवस येतो, इथे त्याला 'धोको' म्हणतात. तसा आला तर तो दिवस तुमच्या चिरण्या-निवडण्याचा.

मांडवीकर:
सुरसागर, लाख बोललात. चोराफळीनंतर पुरी म्हणजे छळच.

तोंडलीभात:
आठ घरांचा फराळ हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी श्रीखंड, घारगे, बासुंदी, पुऱ्या, भजी अशी यादी केली होती. कात्री घेते.

आजोबा_कारेलीबाग:
धागा वाचून मजा आली. थोडं अवांतर करतो, वयाचा मान राखून सहन करावे.

बडोद्याच्या मराठी ताटात काय काय आलं याचा विचार केला की गंमत वाटते. सयाजीराव तिसरे १८७५ ला गादीवर आले ते १९३९ पर्यंत. त्यांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादक इथे आले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझी आई म्हणायची, नाचणारे आले तर रांधणारे आले नसतील का? पुरावा तिच्याकडे काही नव्हता, पण आमच्या घरच्या आमटीत चिंच जरा जास्त असायची आणि तिला कोणी बोललं की ती तंजावरचं नाव पुढे करायची.

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या लहानपणी शेजारी जैन, पलीकडे नागर, मागे पाटीदार. आईला द्विदल वगैरे शब्द माहीत नव्हते. शेजारच्या काकी जेवायला यायच्या त्या दिवशी ती दह्याचं भांडं फडताळातून काढायचीच नाही. तेवढ्याने भागायचं.

चष्मेवाला:
आजोबा, सांबाराचा शोधही तंजावरच्या मराठ्यांनीच लावला असं म्हणतात. त्या नात्याने इडली-सांबार हे बडोद्याचं पारंपरिक मराठी जेवण ठरतं. तोंडलीभात ताई, प्रश्न सुटला.

आजोबा_कारेलीबाग:
त्या गोष्टीलाही माझ्या आईइतकाच पुरावा आहे.

जर्सीची_जाई:
आमच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा) प्रत्येक पदार्थासमोर चिठ्ठी असते: दूध आहे, दाणे आहेत, गहू आहे. चौदा माणसांना दहा मिनिटांत लिहून होईल. बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, हे आमच्याकडे एका ग्लूटेन न चालणाऱ्या पाहुणीमुळे सगळ्यांना कळलं. चिठ्ठीचा फायदा असा की कोणाला दहा वेळा विचारावं लागत नाही.

मांडवीकर:
चिठ्ठ्या ऑफिसच्या पार्टीत ठीक. घरच्या जेवणात यजमानाने वाढताना सांगावं, त्यात आपुलकी आहे.

जर्सीची_जाई:
यजमान पुऱ्या तळतेय आणि वाढतेयही आणि सांगतेयही? मांडवीकर, तुमच्या घरी वाढतं कोण?

मांडवीकर:
...चिठ्ठ्या चालतील.

सीकेपी_आणि_निर्लज्ज:
कोणीच न काढलेला विषय मी काढतो. भांड्यांचं काय? आमच्या घरी रविवारी मासे होतातच. कढई तीच, तवा तोच. घासून लख्ख असली तरी काहींना चालत नाही. तुमच्याकडे अंडी-मासे शिजत असतील तर ते पाहुण्यांना सांगणार की नाही?

भुकेला_भीम:
सांगायचं कशाला? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये.

माहेर_पालडी:
@भीम, इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत. सांगायचंच. माझ्या आईला नंतर कुठून तरी कळलं असतं तर ती भांडली नसती, पण त्या घरी पुन्हा पाण्यालाही शिवली नसती. आधी सांगितलं तर बरेचसे लोक 'नवीन भांडं वापरलंत ना, मग झालं' म्हणतात. आणि जे नाही म्हणतील ते फळं आणि सुका मेवा खाऊन गप्पा मारायला येतात. निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

सीकेपी_आणि_निर्लज्ज:
मी हेच करतो. एक स्टीलचा सेट, दोन पातेली, एक कढई वेगळी माळ्यावर ठेवलीय, त्याला कधीच काही लागलेलं नाही. बायको त्याला 'वऱ्हाडाची भांडी' म्हणते. ताटांना पत्रावळी, म्हणजे घासण्याचाही प्रश्न मिटतो. बाई नाहीत म्हणालात ना?

तोंडलीभात:
आमच्याकडे अंडी होतात, बाकी काही नाही. तरी सांगेन. माळ्यावर लग्नातली पितळी पातेली आहेत, कल्हई गेल्या वर्षीच केलीय, ती काढते. भांड्यांचा मुद्दा काढलात ते बरं झालं.

आचारी_नाही_मी:
प्रमाणावर कोणी बोलत नाही म्हणून मी. चौदा माणसांना, बाकी पदार्थ असताना:
तांदूळ १ किलो पुरतो, थोडा उरतो. तूरडाळ अर्धा किलो. कणीक १ किलो घेतली तर लहान पुऱ्या भरपूर होतात, पण सुरसागर म्हणतात तसं पोट भरलेलं असेल तर पाऊण किलो खूप झाली. बासुंदी करणार असाल तर ४ लिटर म्हशीचं दूध आटवून निम्मं करा, माणशी मोठी वाटी येते. याला तास-दीड तास एक बर्नर अडकतो, तेव्हा ते सकाळीच उरका. आणि पुरी तळणारा माणूस अख्ख्या जेवणभर ओट्याशी बांधलेला असतो. तुम्हाला पाहुण्यांबरोबर बसायचं असेल तर पुरी रद्द करा. मसालेभात आणि आमटी असताना पुरीवाचून कोणाचं अडत नाही.

कढीपत्ता:
पुरीवाचून अडतं हो. लहान मुलांचं अडतं.

आचारी_नाही_मी:
मग घारगे. लाल भोपळा आणि गूळ, तेलातच तळायचे. गार झाले तरी मऊ राहतात, दुपारी करून ठेवा. दूध-तूप नाही, म्हणजे व्हीगन मुलीचंही काम झालं. पीठ फक्त भोपळ्याच्या रसातच भिजवा, पाणी घातलं की घारगे तेल पितात.

सुरसागर_काठ:
चौविहारवाल्यांची वेळ लक्षात आहे ना? दिवाळीच्या सुमारास इथे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. त्यानंतर ते पाणीही घेत नाहीत. (तिविहार असेल तर पाणी चालतं.) आठला जेवण ठेवलंत तर ते जोडपं दोन तास नुसतं बसून राहील.

भुकेला_भीम:
पाच वाजता जेवायचं? ते जेवण की दवाखान्याचा डबा?

माहेर_पालडी:
आमच्या माहेरी रोज साडेपाचला ताटं मांडलेली असायची. सासरी आल्यावर साडेनऊच्या जेवणाची सवय व्हायला मला जास्त त्रास झाला.

तोंडलीभात:
वाचून, फोन करून, सासूबाईंशी वाद घालून ठरलेलं:

दही पूर्ण बाद. आजोबांच्या आईसारखं भांडंच बाहेर काढायचं नाही. गंमत म्हणजे एक दही काढलं आणि द्विदल मिटलं, व्हीगन मैत्रिणीची एक अडचण गेली आणि श्रीखंड की बासुंदी हा सासूबाईंशी चाललेला वादही संपला.

मसालेभात तोंडली आणि काजू घालून, वर खोबरं. चिंच-गुळाची तुरीची आमटी. कच्च्या केळ्याची भाजी, उपासाच्या बटाट्यासारखी: जिरं, मिरची, दाण्याचं कूट, लिंबू. खमंग काकडी. पंचामृत (देवाचं नव्हे, चिंच-गुळाचं). घारगे. बासुंदी वेलची-जायफळाची, आणि व्हीगन मुलीला करंज्या, मोहन तेलाचंच घातलंय. भुट्ट्याचा कीस मनात होता, पण बर्नर चारच. तूप आणि तळणीचे पापड बाजूला, हवं त्याने घ्यावं. फोडण्या सगळ्या तेलाच्या.

वेळ साडेचार. बोलावताना 'दिवेलागणीपूर्वी जेवू, मग गच्चीत गप्पा' असं सांगितलंय. फटाके तिथूनच दिसतात.

भुकेला_भीम:
एकही कांदा नाही. पण आमटीसाठी आलो असतो.

कढीपत्ता:
गोडा मसाला घरचा आहे ना? विकतच्या पाकिटावर नीट वाचा, कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट दिसायला तसंच असतं.

तोंडलीभात:
घरचाच. जावेने धाडलाय.

मांडवीकर:
मग झालं का जेवण? वृत्तांत कुठेय?

तोंडलीभात:
झालं. पावणेपाचला पहिली पंगत, चौविहारवाले दोघं, स्वामिनारायणी कुटुंब आणि सगळी मुलं. दुसरी साडेसहाला. सुरसागर म्हणाले तेच झालं, भात निम्मा उरला आणि आमटीचं पातेलं खरवडून संपलं. दुसऱ्या पंगतीला आमटी अक्षरशः पळीने मोजून वाढली. चौविहारवाल्या वहिनींनी आधी डब्यात आपलं काहीतरी आणलं होतं, तो डबा तसाच परत गेला. व्हीगन मुलगी करंज्यांचा डबा मांडीवर घेऊनच बसली होती. बंगाली मित्राने केळ्याच्या भाजीकडे पाहिलंही नाही आणि पंचामृत तीनदा मागून घेतलं, शेवटी नुसत्या भातावर ओतून खाल्लं.

खमंग काकडीला मात्र पाणी सुटलं. मीठ आयत्या वेळी घालायला हवं होतं, नवऱ्याने मदत म्हणून आधीच घातलं.

चष्मेवाला:
पाडव्याची ओवाळणी त्यातून कापून घेतलीत ना?

तोंडलीभात:
अख्ख्या पितळी भांड्यांची घासणी त्याच्याकडून वसूल केली.

जर्सीची_जाई:
पंचामृताची कृती द्या ना. आमच्याकडे देवाचं पंचामृतच माहीत आहे लोकांना.

तोंडलीभात:
तेलात मोहरी, हिंग, हळद, थोडे मेथीदाणे. त्यावर हिरव्या मिरचीचे जाड तुकडे, खोबऱ्याचे काप, दाणे आणि काजू परतायचे. दाणे लालसर झाले की चिंचेचा कोळ आणि पाणी, एक उकळी, मग गूळ, मीठ, गोडा मसाला. शेवटी भाजलेल्या तिळाचं कूट घालून चमच्याला चिकटेल इतकं दाट करायचं. गूळ चिंचेपेक्षा जरा जास्तच लागतो. गार झाल्यावर अजून घट्ट होतं, तेव्हा गॅस थोडा लवकर बंद करा.